शेंगांच्या ढिगाभोवती

खैरटेकच्या आठ पोरींची शाळा सुटली ती रंगनाथअण्णांमुळे. हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर शेवटी कोणीतरी पोक्त माणूस मान हलवत म्हणेल, ‘परिस्थितीच तशी होती.’ परिस्थिती काही तशी नव्हती. अण्णा तसे होते.

माळावरच्या ह्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर ओढ्यापलीकडच्या गावाला चालत जायचं. ओढ्यावर एक पूल. पुलाच्या कठड्यावर दोन पोरं बसायची, तोंडाला रुमाल बांधून. पोरींची वाट अडवायची, ओढणी ओढायची, घाण बोलायची. पोरगी रडत घरी आली की तिचा बाप अण्णांची ओसरी गाठायचा. एकटाच.

गावाचं कुठलंही दुखणं असंच अण्णांच्या ओसरीवर यायचं, आणि एकेकटंच यायचं. अण्णा चहा सांगायचे. सगळं ऐकून घ्यायचे. मग आवाज खाली आणून म्हणायचे, “परगावची टवाळ पोरं ती. त्यांच्या नादी लागू नकोस. बोललास तर तुझ्याच पोरीचं नाव होईल. शाळेतून काढ. स्थळ मी बघतो.”

बाप पाया पडून जायचा. कोणी विचारलं तर सांगायचा, पोरीलाच शिकायचं नाही. सात घरांनी हेच केलं, आणि प्रत्येक घराला वाटलं, ही वेळ फक्त आपल्यावर आली. सगळ्यांचं दुखणं एकच आहे हे गावात एकट्या अण्णांना ठाऊक होतं. ते त्यांनी पोटात ठेवलं. ह्याला ते गावाची अब्रू राखणं म्हणायचे. खरं म्हणजे सगळं गाव आपल्याच दारात वाकतंय, हे त्यांना गोड लागत होतं. मानाची चटक लागलेल्या म्हाताऱ्याला कोणाचं वाटोळं होतंय ते दिसत नाही, आणि दाखवायला जावं तर तो आपलं वय सांगतो.

मग आठवी वेळ आली कौसल्याच्या रोहिणीवर. रोहिणी नववीत होती. तिचाही बाप ओसरीवर जाऊन आला, आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. रोहिणीनं आईला एवढंच विचारलं, “आई, पुलावर मी काय चुकीचं केलं, ते तरी सांग मला.” कौसल्यानं तिचं दप्तर उचलून फळीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात अण्णांच्या भुईमुगाची काढणी झाली. वेल उपटून खळ्यात आणले, त्यांचा गुडघ्याएवढा पण लांबरुंद ढीग लागला, आणि पश्चिमेकडून ढग चढायला लागला. शेंगा वेलीवर भिजल्या की काळ्या पडतात, मोड धरतात. संध्याकाळच्या आत सगळ्या तोडून घरात न्यायच्या होत्या, आणि मजूर मिळेना. अण्णांनी घरोघर सांगावा धाडला, “बाया-माणसं, जे कोणी मोकळं असेल ते या. तोडाल त्यातला वाटा देतो.” ज्या माणसानं जन्मभर गावाला एकेकटं करून समोर बसवलं, त्यानंच आपल्या शेंगांसाठी सगळं गाव एका ठिकाणी बोलावलं.

शेंगा तोडायला बसलं की पुढची रांग, मागची रांग असं काही नसतं. ढीग मधे, माणसं भोवती, तोंडं एकमेकांकडं. हात कामात आणि जीभ मोकळी. आधी थट्टा सुरू झाली.

“शौकतभाई, शेंगा तोडताय की बकऱ्याचे दात मोजताय?” पारूबाईनं हाक मारली. शौकतभाईचा बकऱ्यांचा धंदा.

“तुझं तोंड चालतं तसे माझे हात चालत नाहीत, पारू,” शौकतभाई म्हणाला. सगळे हसले.

हसता हसताच पारूनं विचारलं, “कौसल्ये, तुझी रोहिणी नाही आली? शाळेत गेली का?”

ठरलेलं उत्तर कौसल्याच्या जिभेवर आलं होतं. पण समोर गावातली सगळी तोंडं होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत आपल्याच लेकीबद्दल खोटं बोलणं तिला जमेना. हातातला वेल तसाच धरून ती म्हणाली, “शिकायचंय तिला. पुलावर पोरं अंगाला हात लावतात, म्हणून घरात बसवलीय.”

खाटेवर बसून देखरेख करणारे अण्णा ताडकन उठले. “कौसल्ये! असलं बोलायची जागा आहे का ही?”

शौकतभाईनं मान वर केली नाही. शेंगा तोडत तोडतच तो म्हणाला, “माझ्या शबानालाही पुलावरच अडवलं होतं. गावात मी सांगितलं, तिला डोळ्यांचा त्रास आहे.”

“आमच्या मालनलाही,” ढिगाच्या पलीकडून कोणी म्हणालं.

“तुमचीपण? आम्हाला वाटलं, आमचीच तेवढी.”

“अण्णांनी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“परगावची पोरं आहेत म्हणून. गप्प बस म्हणून.”

“मलाही हेच की!”

माना अण्णांकडं वळल्या. अण्णा ओरडले, “कामं करा, कामं! ढग बघा कुठं आलाय!”

“आमचे हात थांबलेत का, अण्णा?” कौसल्या म्हणाली. खरंच थांबले नव्हते.

थांबले ते फक्त पारूचे. तिनं हळूच विचारलं, “पोरं गाडीवर येतात का?”

“लाल गाडी. मागं मोरपीस बांधलेलं.”

पारूला गप्प बसता आलं असतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “ती गाडी रोज रात्री माझ्या परसात झाकून ठेवलेली असते. माझा किरण आहे तो. दुसरा कोण, ते आज त्याच्या तोंडून काढते.” कोणी तिला शिवी दिली नाही. कौसल्या सरकून तिच्याशेजारी जाऊन बसली.

आता अण्णांनी दोन शब्द बोलायचे होते. ‘चुकलं माझं.’ एवढ्यावर गावानं त्यांना सोडलं असतं, आणि शेंगाही तोडून दिल्या असत्या. पण लहानांपुढं चूक कबूल करायची शिकवण ह्या पिढीला कोणी दिलीच नाही. अण्णा गरजले, “उठा! माझ्या खळ्यात असली पंचायत चालणार नाही. ज्याला बोलायचंय त्यानं आपापल्या घरी जाऊन बोलावं!”

त्यांना वाटलं, वाट्याच्या लोभानं तरी लोक तोंड मिटतील.

लोक उठले. कौसल्या म्हणाली, “घरात एकटं एकटंच बोलत आलोय आजवर. शाळेच्या व्हरांड्यात चला.” आणि वाटा न घेता सगळे तिच्यामागं गेले.

ढग फुटला तेव्हा ते व्हरांड्यात दाटीवाटीनं बसलेले होते. भांडणं झाली. दोन बाप एकमेकांवर धावून गेले आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. रोज सकाळ-संध्याकाळ पाळीपाळीनं मोठ्या माणसांनी पुलावर उभं राहायचं ठरलं. किरणनं आणि त्याच्या जोडीदारानं सगळ्यांसमोर पोरींची माफी मागायची ठरलं. “आणि पुन्हा काही झालं, तर पोलिसात तक्रार मीच देणार,” पारू म्हणाली. रविवारच्या पाहुण्यांना येऊ नका असा निरोप गेला.

सोमवारी सहा पोरी दप्तरं घेऊन पूल ओलांडून गेल्या. रोहिणी सगळ्यांत पुढं होती. दोघींची लग्नं आधीच लागून गेली होती. त्या परत आल्या नाहीत, आणि गावानं ते विसरू नये.

व्हरांड्यातली बैठक मात्र मोडली नाही. आता दर बाजाराच्या आदल्या दिवशी गाव तिथं बसतं. आधी दारूचा विषय झाला, मग पाण्याचा. पोरीही बसतात आणि बोलतात. खोकून त्यांना गप्प करणाऱ्या म्हाताऱ्याला पारू सरळ सांगते, “खोकला असेल तर बाहेर जाऊन या.”

तात्पर्य: एकेकट्यानं कानात सांगितलेलं दुःख ज्याचं त्याला खात राहतं, तेच समोरासमोर बसून मोठ्यानं बोललं की सगळं गाव त्याच्यासाठी उभं राहतं. आणि जो वडीलकीच्या नावाखाली माणसांना एकमेकांशी बोलू देत नाही, तो त्यांचा वैरीच. रंगनाथअण्णांच्या सगळ्या शेंगा खळ्यात कुजल्या, आणि त्यांच्या ओसरीवर पुन्हा कोणी आलं नाही.