शेकाईचा गोटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घरोघरी काडेपेटी नव्हती. चूल विझली की बाई हातात खापरी घेऊन शेजारी विस्तव मागायला जायची, आणि विस्तवाला कुणी नाही म्हणत नसे. वाकडं असलं, बोलणं बंद असलं, तरी निखारा द्यायचा, अशी रीत होती. ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ऐकायला बारक्या पोरी बसल्या असतील तर बसू द्या, पोरगेही बसू द्या. गोष्ट पोटदुखीची आहे, आणि पोट सगळ्यांनाच असतं.

तांबडमाळ नावाचं गाव होतं. तिथे लिंबाजी कुंभार, त्याची बायको मथू आणि त्यांची एकुलती लेक भिवरा राहत. चाकावरून उतरलेलं कच्चं मडकं थापून मोठं करायचं काम भिवराचं होतं. एका हाताने मडक्याच्या आत गुळगुळीत दगडी गोटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून फळीने थापत राहायचं. तो गोटा कुंभाराच्या घरात किती पिढ्या होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, की भिवराने थापलेलं मडकं बोटाने वाजवलं तर देवळातल्या घंटेसारखं वाजायचं. मडक्याचं पोट कुठे पातळ आहे, कुठे जाड आहे, हे तिच्या तळहाताला न बघता कळायचं.

चौदाव्या वर्षी तिला कावळा शिवला. म्हणायची पद्धत ती. त्या बिचाऱ्या कावळ्याने कुणाचं काही केलेलं नव्हतं, पण नाव त्याचं पडलेलं. गावाबाहेर चिंचेखाली एक छप्पर होतं, तिथे बाहेरच्या झालेल्या बायांनी जाऊन बसायचं. तिथे पाणी मिळायचं, वरून टाकलेली भाकरी मिळायची. विस्तव मात्र मिळायचा नाही. विस्तव पवित्र, तो बाटतो असं गाव मानायचं. म्हणून त्या छपरात चूल नव्हती, शेगडी नव्हती, पौषाच्या थंडीतही नव्हती.

भिवराचं दुखणं साधं नव्हतं. ओटीपोटात कुणी ओलं धुणं पिळावं तशी कळ उठायची, ती कमरेतून मांड्यांत उतरायची, मग घाम फुटायचा आणि पोटातलं सगळं उलटून पडायचं. ती गुडघे छातीशी घेऊन मातीत पडून राहायची. शेजारी बसलेल्या बाया वाती वळत गप्पा मारायच्या. त्यांना दया नव्हती असं नाही. पण दयेचं करायचं काय, हे कुणी त्यांना शिकवलं नव्हतं.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "आये, सोसंना गं मला. जीव जातोय."

मथू पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "मलाबी असंच व्हायचं. मेले का मी? दात खायाचं अन् गप पडायचं. बोभाटा केलास तर उद्या कोण करून घेईल तुला?"

एवढं बोलून ती जोरात पीठ मळत राहिली. असं म्हणतात, की त्या दिवशीची भाकरी खारट झाली होती. पण त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

एकदा भिवरा मडकी थापत असतानाच कळ उठली. पाळी चार दिवस आधीच आली होती. सांगितलं तर लगेच छपरात जावं लागणार, म्हणून ती बोलली नाही. बाजूला लिंबाजीने नुकताच आवा उघडला होता. आवा म्हणजे मडकी भाजायची भट्टी. भाजलेली मडकी काढून घेतली होती आणि राख अजून धगधगत होती. भिवराच्या हातातला गोटा निसटला आणि राखेत जाऊन पडला. तिने तो काठीने ओढून घेतला, पदरात गुंडाळला आणि काय वाटलं कोण जाणे, पोटाशी धरला.

कळ गेली नाही. खोटं कशाला सांगू? पण ती बसली. अंगावर धावून येणारं कुत्रं दाराशी बसावं तशी बसली. भिवराने किती महिन्यांनी पूर्ण श्वास घेतला. मग ती रडली, दुखतंय म्हणून नाही, तर एवढंच होतं तर इतके दिवस कुणी का दिलं नाही, म्हणून.

पुढच्या खेपेचा आवा फुटला. अर्ध्याहून अधिक मडकी तडकून निघाली. अवकाळी पावसाने लाकूड भिजलं होतं आणि लिंबाजीने घाई करून तेच लावलं होतं. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण मागच्या खेपेला गोटा पोटाशी धरून रडताना भिवराला कुणीतरी बघितलं होतं, आणि गावात कुजबुज सुरू झाली, की कुंभाराची पोर बाहेरची असताना आव्याजवळ दिसली होती.

"दादा, लाकूड ओलं होतं," भिवरा म्हणाली.

लिंबाजीने पोरीकडे बघितलं नाही. ओलं लाकूड कबूल केलं तर चूक त्याची होती. पोरीचा विटाळ म्हटलं तर त्याचं नाव शाबूत राहत होतं. तो म्हणाला, "आजपास्नं त्या दिसांत आव्याच्या वाऱ्याला उभी ऱ्हायची न्हाईस." आणि गोष्ट मिटली. पुरुषमाणसाची गोष्ट अशीच मिटते, पटकन.

मग पौष आला. भिवरा छपरात होती, आणि त्याच दिवशी दुपारी तिथे गजराला आणून सोडलं. गजरा म्हाळू गुरवाची लेक. गुरव म्हणजे गावच्या देवाचा पुजारी, त्याच्या शब्दावर गाव उठायचं-बसायचं. गजराची पहिलीच वेळ होती. ती भिवराहून लहान, अंगाने काडी. संध्याकाळ होईपर्यंत ती पांढरीफटक पडली, दातावर दात आपटायला लागले, आणि "आई, आई" एवढंच तोंडातून येत राहिलं.

भिवराची स्वतःची कळ चालूच होती. पण तिने गोटा कनवटीला लावून आणला होता. गोटा थंडगार होता. लागणार होता तो फक्त विस्तव.

ती उठली. फुटक्या मडक्याची खापरी हातात घेतली आणि कमरेत वाकलेली गावात शिरली. आधी आपल्या दारात गेली. लिंबाजी ओट्यावरूनच ओरडला, "आवा लावलाय, मागं फिर!" मथू दारात आली, उभी राहिली आणि आत गेली. मग भिवरा दुसऱ्या दारात गेली, तिसऱ्या दारात गेली. कुणी दार लावून घेतलं, कुणी वरून पाणी शिंपडलं. शेवटी ती गुरवाच्या अंगणाबाहेर थांबली.

"काकी, खापरीभर इस्तू द्या. माझ्यासाठी न्हाई मागत. गजरीसाठी मागतीया. लई तळमळतीया ती."

गुरवीण चुलीपाशी होती. तिने चिमट्यात निखारा धरला आणि ती उंबऱ्यापर्यंत आली. निखाऱ्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तेवढ्यात आतून म्हाळू गुरव खाकरला. नुसता खाकरला. गुरवीण माघारी वळली, आणि निखारा पुन्हा चुलीत पडला.

वैऱ्याला निखारा देणारं गाव ते. तिथे दोन लेकींना निखारा मिळाला नाही.

त्या दिवशी गावात एक म्हातारा वारला होता. त्याला अग्नी द्यायला लागणारं मडकं लिंबाजीच्याच घरून गेलं होतं, भिवराने थापलेलं. नदीकाठी चिता जळून बसत आली होती, आणि माणसं आंघोळी करून घरी गेली होती. भिवरा तिथे जाऊन उभी राहिली. गावात एकच विस्तव असा होता, की जो कुणी मागत नाही, कुणी राखत नाही, आणि जो कशाने बाटत नाही. असं म्हणतात, की तिने आधी चितेला हात जोडले आणि म्हणाली, "बाबा, गाव देईना. तुम्ही तरी द्या." आणि असं म्हणतात, की राखेतून निखारे आपोआप तिच्या पायाशी घरंगळत आले.

तिने त्यात गोटा तापवला, चिंधीत गुंडाळला, खापरीत निखारे भरले आणि छपरात आली. गोटा गजराच्या पोटावर ठेवला.

"भाजतंय?"

"न्हाई... धर. तसाच धर."

गजरा निजली. भिवराला मात्र तळहातावर फोड आले होते, आणि ती भिंतीला टेकून स्वतःची कळ सोसत राहिली. गोटा एकच होता.

सकाळी छपरातून धूर निघताना गावाने बघितला. दोघी न्हाऊन छपराबाहेर आल्या त्या दिवशी पंचायत बसली. मसणातला विस्तव बायांच्या छपरात आणला, यापुढे दुसरं पाप उरलं नव्हतं. म्हाळू गुरवाने विचारलं, "कुणासाठी आणलास?" भिवराने गजराकडे बघितलं. गजरा आईच्या मागे उभी होती, पोट आता दुखत नव्हतं, गालांवर रंग आला होता. ती खाली बघत राहिली.

"माझ्यासाठी आणला," भिवरा म्हणाली.

ठरलं, की हिने आता गावात यायचं नाही. लिंबाजीला सांगण्यात आलं, की पोर घरात ठेवलीस तर तुझ्या मडक्यातलं पाणी गाव पिणार नाही. त्याने फार विचार केला नाही. भिवरा महिन्याचे तीस दिवस बाहेरची झाली. जिला कुणी करून घेणार नाही म्हणून आई भ्यायची, तिला बापाच्या घरानेही ठेवून घेतलं नाही.

ती छपरातच राहिली. चितेवरून आणलेला तो विस्तव तिने विझू दिला नाही. नदीतले गोटे वेचले आणि निखाऱ्यांत मांडले. गावातल्या पोरी तर येणारच होत्या, कारण त्यांना तिथेच पाठवत. मग आसपासच्या गावांहूनही पोरी येऊ लागल्या. भिवरा कुणाला मंत्र देत नव्हती, अंगारा लावत नव्हती. गोटा द्यायची, ओव्याचं गरम पाणी द्यायची, कंबर चोळायची आणि म्हणायची, "रड बाई. हितं रडायला मोकळीक हाय." असं म्हणतात, की तिच्या हातातला तो कुंभाराचा गोटा पुढे पुढे तापवावाच लागत नसे. पोरगी छपरात शिरली, की तो आपला आपण गरम व्हायचा. पोरी तिला शेकाई म्हणायला लागल्या. मथूही एकदा आली, केस पिकल्यावर. लांब बसून म्हणाली, "मला कुणी दिला न्हाई गं गोटा." भिवराने तो तिच्या ओटीत ठेवला. म्हातारीला आता त्याचा उपयोग नव्हता, पण ती तो पोटाशी धरून बसून राहिली.

कोंडलेल्या धुराने भिवराची छाती गेली. म्हातारी होण्याआधीच ती गेली. पोरींनीच तिला नदीवर नेलं आणि लाकडं रचली. पण ती पडून होती तेवढ्यात छपरातला विस्तव विझला होता, आणि गावात कुणी द्यायला तयार नव्हतं. जिने जन्मभर ऊब वाटली, ती निखाऱ्यावाचून थंड पडून राहिली.

तेव्हा शेजारच्या गावात दिलेली गजरा आली. चार लेकरांची आई झालेली गजरा, डोक्यावर मडकं, मडक्यात तिच्या चुलीतला विस्तव. आदल्या दिवशीच तिच्या घरी जाऊन आलेला भाऊ रस्त्यात आडवा आला. "अगं, तू बाहेरची हाईस ना? इस्तवाला शिवलीस?"

"व्हय, शिवले," गजरा म्हणाली. "त्या दिशी बोलायचं ऱ्हायलं. तो इस्तू माझ्यासाठी आणला व्हता तिनं."

तिने अग्नी दिला. आभाळ कोसळलं नाही. पण हे ऐकायला भिवरा नव्हती. असं म्हणतात, की राख सावडली तेव्हा तिच्यातून कुंभाराचा गोटा निघाला, आणि तो कित्येक दिवस कोमट राहिला.

त्या गोट्याचं पुढे देऊळ झालं. म्हाळू गुरवाच्या नातवांनीच बांधलं, आणि त्यांचेच वंशज पूजा करतात. तांबडमाळला पौषात शेकाईची जत्रा भरते. गोट्याला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, शाल पांघरतात, पुरुष पालखी उचलतात, आणि पंचक्रोशीतला पहिला निखारा देवळातून घरोघर जातो. पायरीवर पाटी आहे, की अडचण असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये.

देवळाची मागची भिंत काळ्या दगडाची आहे, पश्चिमेला तोंड करून. कलत्या उन्हाने ती दुपारनंतर चांगली तापते. ज्या पोरींना आत जाता येत नाही, त्या शाळेतून येताना मागून जातात, दप्तर खाली ठेवतात आणि भिंतीला पोट लावून उभ्या राहतात. कमरेएवढ्या उंचीवर तिथला दगड झिजून गुळगुळीत झाला आहे. हे नुसतं 'असं म्हणतात' नाही, जाऊन बघून या. मात्र लवकर जा. तिथे तारेचं कुंपण घालायचं देवळाच्या पंचांनी ठरवलंय, आणि खांब येऊन पडलेत.