शंखांची टंचाई

पूर्वी शूर्पारक नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या समुद्रकिनारी खेकड्याच्या योनीत जन्माला आला होता. मेलेल्या गोगलगाईंच्या शंखांत राहणाऱ्या खेकड्यांची ती जात. त्यांचे पोट लोण्यासारखे मऊ असते. शंख हेच त्यांचे घर, आणि अंग वाढले की घर बदलावे लागते. बोधिसत्त्व वयाने आणि आकाराने सर्वांत मोठा होता, म्हणून सगळे त्याला थोरले म्हणत.

त्या वर्षी राजाने नवा प्रासाद बांधायला काढला. चुन्याच्या भट्टीसाठी माणसे टोपल्या भरभरून शंख-शिंपले वेचून नेऊ लागली. बघता बघता किनारा उघडा पडला.

तिथे चकिता नावाची एक तरुण खेकडी होती. लाट फुटली तरी ती दचके, ढगाची सावली सरकली तरी शंखात शिरे. पण आता तिला पुरते शिरताही येत नव्हते. पाय आत घेतले तर नांगी बाहेर राही. कात टाकायचे दिवस जवळ आले होते. एवढ्या अडचणीत कात टाकली, तर ती आतच अडकून मरणार होती.

धीर करून ती पुंजक नावाच्या एका खेकड्याकडे गेली. पुंजक वाईट नव्हता, पण उद्याचे भय त्याला फार. टंचाई येणार हे सगळ्यांच्या आधी ओळखून त्याने मिळतील ते रिकामे शंख खडकातल्या एका खड्ड्यात ओढून आणले होते आणि खड्ड्याच्या तोंडाशी तो स्वतः बसून असे. रोजच्या चाऱ्यातला अर्धा घास देईल त्याला तो शंख वापरायला देई.

"पुंजककाका, माझ्या मापाचा एखादा द्या ना," चकिता म्हणाली. "चारा देईन मी."

"तुझ्या मापाचे गेले गं सगळे. राहिलेत ते मोठे, आणि ते इतक्यात काढायचे नाहीत. त्यांना अजून भाव यायचाय."

शेजारची दंतुरा खेकडी हे ऐकत होती. ती मोठ्याने म्हणाली, "त्याच्याकडे काय मागतेस? तोच बघ कसा अंग कोंबून बसलाय! एवढे शंख आहेत, पण स्वतः एक घालील तर शपथ. वापरला की जुना होईल ना!"

चकिताला हसू आले नाही. ती ओल्या वाळूत परतली आणि पाय मिटायचा प्रयत्न करत बसली.

एका सकाळी भरतीने एक भला मोठा शंख बोधिसत्त्वापुढे आणून टाकला. तो जड, शेवाळलेला आणि काठाला तुटका होता. ज्याच्यापुढे येईल त्याचा शंख, असा त्यांचा रिवाज होता. पुंजक लगबगीने आला.

"थोरले, तुमचा शंख तुम्हाला चपखल बसतोय. हा माझ्या खड्ड्यात ठेवू. निम्मा तुमचा. असा माल आता येत नाही. थोडं थांबलात, तर सगळा किनारा चारा घेऊन दारात उभा राहील."

"मी यात गेलो, तर माझा शंख कोणाला होईल?" बोधिसत्त्वाने विचारले.

"दंतुरेला."

"आणि तिचा?"

पुंजकाने एकेकाकडे नजर टाकली. शेवटी ती चकितावर थांबली. "होईल सगळ्यांची सोय," तो चाचरत म्हणाला. "पण तुम्हाला हा जड पडेल. ओढता ओढता जीव जाईल तुमचा."

"जड पडेल खरा," बोधिसत्त्व म्हणाला, आणि आपल्या गुळगुळीत, हलक्या घरातून बाहेर आला.

मग मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लागली. बोधिसत्त्व नव्या शंखात गेला, त्याच्या शंखात दंतुरा, तिच्या शंखात मागचा. असे सरकत सरकत चकिताच्या पुढचा शंख रिकामा झाला. तिने आपले पोट बाहेर काढले. वारा लागला, आणि त्याच क्षणी वाळूवरून घारीची सावली गेली.

सगळे आत शिरले. चकिता मात्र मागे वळून जुन्याच शंखात घुसली आणि अर्ध्यावर अडकली. पुंजक आपल्या जागेवरून ओरडला, "अगं, पुढचा! पुढचा धर!" तिला काही ऐकू येत नव्हते.

तो जड शंख ओढत बोधिसत्त्व तिच्या आणि घारीच्या मध्ये येऊन उभा राहिला. घारीला तो उचलेना. तुटक्या काठातून चोच घालून तिने त्याची एक नांगी तोडून नेली. तरी तो हलला नाही.

"दचकलीस तर दचक, पोरी," तो शांतपणे म्हणाला. "पण दचकत दचकत पुढे ये."

दचकत दचकत ती जुन्या शंखातून सुटून निघाली. नव्या घरात तिचे पाय मिटले, नांगी मिटली, आणि वर थोडी जागाही उरली.

पुंजक आपली जागा सोडून रांगेपाशी आला. मग त्याने दंतुरेला विचारले, "माझ्या मापाचा कुठे दिसतो का गं?"

"तुमच्याच खड्ड्यात बघा की!"

तो खड्ड्यात उतरला आणि एका ऐसपैस शंखात शिरला. त्याचा जुना शंख रिकामा पडला, तसा कोणीतरी त्यात जाऊन बसला. मग पुंजक राखणीला खड्ड्याच्या तोंडाशी परत गेला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, श्रावस्तीत सांगितली. घरांची टंचाई असताना भद्दिल नावाच्या गृहस्थाने मिळतील ती घरे विकत घेऊन, भाव चढायची वाट पाहत, कुलपे लावून ठेवली होती. कथा ऐकून तो म्हणाला, "भन्ते, पण पुंजकाने चोरी केली नव्हती. शंख त्याच्या कष्टाचे होते."

"त्याचेच होते," शास्ते म्हणाले. "म्हणून तर त्याला ते देता आले."

मग त्यांनी जन्मांचा मेळ उलगडला: "तेव्हाचा पुंजक म्हणजे तू. दंतुरा म्हणजे तुझी पत्नी. चकिता म्हणजे भिक्षुणी वासुला. आणि थोरला खेकडा मीच होतो. आपल्याला नेमके बसते तेही सोडता येणे, ही दानपारमिता, दानाची परिपूर्णता."