जनाज्यावरचं नाव

मोहल्ल्यात कुणी गेलं की अखेरची अंघोळ घालायचं काम कमरुद्दीनचाचांचं. चाळीस वर्षांत ते कधी दचकले नव्हते. त्या शुक्रवारी, जुम्याला, दचकले. मशिदीच्या पंख्यांवर, घड्याळावर, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या नळांवरसुद्धा स्वतःचं नाव घालणाऱ्या दिलावरशेठनी मयत न्यायला नवा स्टीलचा जनाजा दिला होता, आणि त्यावरही लाल अक्षरांत तेच नाव!

नमाज पढून निघालेली सगळी माणसं भोवती जमली.

"आजपासून हाच वापरायचा," शेठनी फर्मावलं.

चाचा अदबीने पुढे झाले. "शेठ, नाव तुमचं असताना आधी दुसऱ्याला कसं झोपवायचं? पहिला मान तुमचा. तोवर आम्ही जुन्यावर भागवतो."

शेठ पांढरेफटक पडले. दुपार कलताना असरची अजान झाली तेव्हा ते घामाघूम होऊन मोटारीच्या किल्लीने ते नाव खरवडत होते.