दुपारचा पेपर

"आजच का, बाबा? आणि दुपारीच का?"

वृंदा काळबांडे आश्रमाच्या पायरीशी उभी होती. दंडवत प्रणाम करायचंही तिला सुचलं नव्हतं.

सारंगधरबाबा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते.

"काय झालं दुपारी?"

"पेपर लिहिताना बोटं गार पडली नाहीत."

बाबांनी सोलता सोलता मान वर केली.

वृंदा वकील होती. तालुक्याच्या कोर्टात ती बोलायला उभी राहिली की समोरचे मुरलेले वकीलही आपले कागद पुन्हा चाळायला लागायचे. तोंडानं ती कुणाला हार जात नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला जरा जास्तच माहीत होतं.

पण न्यायाधीश व्हायचं तर लेखी परीक्षा. तिथं घंटा झाली की तिची बोटं गार पडायची. घामानं कागद हाताला चिकटायचा. येत असलेलं सगळं डोक्यात फेर धरायचं आणि पेनातून एक अक्षर उतरायचं नाही. वर्षामागून वर्ष हेच. यंदा तर वयाची अटच संपत होती.

मागच्या खेपेला नापास झाली तेव्हा आई तिला इथं घेऊन आली होती. आईनं याच बाबांकडून उपदेश घेतलेला.

"डोकं शांत राहील असा काही उपाय सांगा," वृंदानं विचारलं होतं.

"माझ्यापाशी नाही," बाबा म्हणाले होते.

तिला ते झोंबलं होतं. मग तिनं प्राणायामाचा वर्ग लावला. घड्याळ समोर ठेवून उत्तरं लिहिली. 'मी शांत आहे, मी शांत आहे' असं आरशापुढे म्हणूनही पाहिलं.

आज सकाळी दिवाणी कायद्याचा पेपर होता. तिनं पहिला प्रश्न वाचला... पुन्हा वाचला... शेवटची घंटा होईपर्यंत ती प्रश्नपत्रिकाच वाचत राहिली. उत्तरपत्रिका जवळजवळ कोरीच गेली. आणि एका पेपरात पडलं की सगळंच गेलं, मग बाकी कितीही चांगलं लिहा.

दुपारी पुन्हा आत जायला काहीच कारण नव्हतं. पण आईला फोन करायची हिंमत होईना आणि बाहेर ऊन भाजून काढत होतं. म्हणून ती वर्गात जाऊन पंख्याखाली बसली. बसलोच आहोत तर लिहू, म्हणून लिहायला लागली. पुरवणी मागितली. आणखी एक मागितली. घंटा झाली तेव्हा तिला कळलं, आपण मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"सगळं संपल्यावर जमलं, बाबा!" तिचा आवाज फाटला. "आता हे जमलेलं घेऊन मी काय करू? कुठं ठेवू? जमलंच नसतं तर बरं होतं. निदान... निदान मला येतच नाही, असं तरी म्हटलं असतं."

बाबांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

ती पायरीवर बसली.

"सकाळी काय विचारलं होतं?" बाबांनी विचारलं.

"एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा कोर्टात का आणता येत नाही, ते विचारलं होतं." आणि ती सांगायला लागली. पक्षकार तेच असले, वादाचा मुद्दा तोच असला, आधीच्या कोर्टाला तो ऐकायचा अधिकार असला... कलम, अपवाद, दाखले, एकामागून एक, कुठं न अडखळता. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

"एवढं लिहिलं असतं तरी... निम्मं लिहिलं असतं तरी..."

बाबांनी तिला रडू दिलं.

"बाकीचे प्रश्न?"

तिनं तेही सांगितले. शब्दन् शब्द. कुठल्या प्रश्नाला किती गुण होते, तेसुद्धा.

"आणि दुपारी काय होतं?"

वृंदानं तोंड उघडलं... आणि थांबली.

"खुनाचं काहीतरी होतं... की सदोष मनुष्यवधाचं..." तिनं कपाळ चोळलं. "आठवत नाही."

"लिहिलंस काय?"

"नाही आठवत, बाबा." तिला एकदम संताप आला. "पण त्याचं काय आता? माझं आयुष्य गेलं यात! इतकी वर्षं पेपर देतेय मी..."

सारंगधरबाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"नाही, माय. आज दुपारी पहिल्यांदा दिलास."