नेत्रशिबिराचा फोल्डर

“…मग आता तरी मुख्य पासवर्ड माझ्या हाती द्याल का, स्वामीजी?”

विरुपाक्षने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

सिद्धराम स्वामी पूर्वाश्रमीचे संगणक अभियंता. मठाच्या दवाखान्याचं पोर्टल त्यांनीच सुरू केलं, तेव्हा त्यात पाच फाइली होत्या. पुढे वसतिगृह आलं, अन्नछत्र आलं, नेत्रशिबिर आलं. फाइली हजारावर गेल्या आणि मिळेल तिथे बसल्या. पुण्याची नोकरी सोडून आलेल्या विरुपाक्षने चार महिने खपून सगळं लावून काढलं. सगळे अर्ज एका फोल्डरमध्ये, सगळ्या याद्या दुसऱ्यात, आपोआप जाणारे सगळे निरोप तिसऱ्यात, असे नऊ फोल्डर. एवढी शिस्त मठात समाधीवरच्या फुलांनाही नाही, असं तो स्वयंपाकघरात बोलूनही गेला होता.

स्वामींनी स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिला.

“नव्या नवरीच्या कपाटासारखं दिसतंय,” ते म्हणाले. “आता यातून नेत्रशिबिर काढून टाक.”

शिबिर घेणारे मगदूम डॉक्टर संक्रांतीच्या आधी वारले होते. त्यांच्यामागे ते चालवणारं कोणी नव्हतं.

विरुपाक्ष बसला. अर्जांतून अर्ज काढला, याद्यांतून यादी. नऊ फोल्डर पालथे घातले. सायंपूजेच्या आधी येऊन त्याने झाल्याचं सांगितलं.

“सगळं?”

“सगळं.”

स्वामी पूजेला उठले. पासवर्ड दिला नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मगदूमबाई मठाच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. मांडीवर डॉक्टरांची चष्म्याच्या भिंगांची पेटी. विरुपाक्षने पाणी दिलं आणि कशा आलात म्हणून विचारलं. त्यांनी डॉक्टरांचा फोन पुढे केला.

‘डॉक्टर, आज शिबिर आहे. रुग्ण आपली वाट पाहत आहेत.’

…

“चुकून आलंय, ते कळलं मला,” बाई म्हणाल्या. “पण वाट बघतायत म्हटल्यावर घरात बसवेना. पेटी तरी पोचवावी म्हटलं.”

स्वामी बाहेर आले होते. विरुपाक्षला वाटलं, आता आपली कानउघाडणी होणार. स्वामी बाईंच्या शेजारी बसले. “द्या अक्का,” एवढंच म्हणाले आणि पेटी आपल्या मांडीवर घेतली.

विरुपाक्ष आत गेला. आधी तो निरोप थांबवला. दीडशे निरोपांच्या फोल्डरमध्ये तो होता, त्यानेच ठेवला होता तिथे.

मग राखून ठेवलेल्या जुन्या प्रतीतून शिबिराचं जे जे काढलं होतं ते त्याने परत आणलं. अर्ज, यादी, निरोप, सगळं एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवलं. तसंच वसतिगृहाचं केलं. तसंच अन्नछत्राचं. या कामाला अकरा दिवस लागले. या दिवसांत त्याने पासवर्डचं नाव काढलं नाही, आणि स्वयंपाकघरात तो खाली मान घालून जेवला.

बाराव्या दिवशी तो स्वामींसमोर बसला.

“शिबिराचं सगळं एका जागी आलंय. आता काढलं तर मागे काही राहणार नाही. काढू?”

स्वामींनी तो फोल्डर उघडला. आत डॉक्टरांनी तपासलेल्या माणसांची नावं होती, गाववार. ते बराच वेळ वाचत राहिले…

मग त्यांनी एका चिठ्ठीवर मुख्य पासवर्ड लिहिला आणि ती विरुपाक्षपुढे सरकवली.

“नक्की पूर्ण निघेल ना?”

“हो, स्वामीजी.”

“मग राहू दे.”