ठकूबाई कासारणीचा हात

उंबरे महाराज खडकसोंड गावी ओढ्याकाठच्या उंबराखाली राहत असत, तेव्हाची ही हकिगत. भाविकहो, ऐकताना जीव कासावीस होईल, पण शेवटपर्यंत ऐका. कृपा दरवेळी अलगदच येते, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

गावात ठकूबाई नावाची कासारीण होती. हात कितीही कडक असो, ती तळवा असा दाबायची की बांगडी कधी चढली ते कळत नसे. एका सकाळी माल घेऊन निघताना ती दारातच कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. वैद्यांनी तेल चोळलं, शेक दिला. दोन महिन्यांत वाचा परतली, पाय उचलू लागला. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला.

सून शेवंता मोठ्या मायेची. ती सासूला भरवी, वेणी घाली, तोंडसुद्धा पुसून देई. उरलंसुरलं डावा हात करी. पण डाव्या हातानं सवाष्णीला बांगड्या कोण भरू देणार? बायका ठकूबाईचं दार टाळू लागल्या. देशमुखांच्या चिमाक्का तर भर पाणवठ्यावर म्हणाल्या, "मेलेल्या हाताची कासारीण! आता मडकी विक म्हणावं!"

ठकूबाई शेवंतेला घेऊन रडत महाराजांकडे आली. "महाराज, हात तरी द्या, नाहीतर मला न्या."

महाराजांनी तो हात बराच वेळ मांडीवर धरला. मग अंगावरचं उपरणं काढलं आणि तिचा डावा, चांगला हात छातीशी बांधून टाकला!

"रोज सूर्य मावळेपर्यंत सोडायचा नाही," महाराज म्हणाले. "परातीतले चिंचोके उजव्या हातानं तांब्यात टाकायचे. शेवंते, तू भरवायचं नाहीस."

"महाराज, एकच हात उरलाय आत्याबाईंना!" शेवंता कळवळली.

"हा हात मेलेला नाही, पोरी. तो काम विसरलाय. तुम्ही दोघी त्याचं सगळं करत राहिलात, तर त्याला आठवेल कधी?"

चिमाक्कांना हसायला निमित्तच मिळालं. "धडधाकट हातसुद्धा बांधला! धन्य तो बुवा!"

पहिला महिना कसा गेला ते सांगवत नाही. चिंचोका हलेना. भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत येईना. ठकूबाई ताटात वाकून तोंडानं घास घ्यायची आणि शेवंता भिंतीकडे तोंड करून रडायची. दुसऱ्या महिन्यात करंगळी किंचित हलली, आणि पुढे पंधरा दिवस पुन्हा काही नाही. तेव्हा ठकूबाईनं परात लाथेनं उडवली आणि भर दुपारी विहिरीची वाट धरली.

विहिरीच्या काठावर महाराज बसलेले!

"सोडा मला," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही."

"होत नाही, खरंच," महाराज म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी तिचा उजवा हात पुन्हा हातात घेतला आणि नुसते बसून राहिले. काय दिलं, काय घेतलं, ते एका परमेश्वराला ठाऊक! पण त्या दिवसापासून महाराजांचा उजवा हात थरथरू लागला, तो अखेरपर्यंत. आणि आठव्या दिवशी ठकूबाईच्या चिमटीत पहिला चिंचोका आला.

पुढं वर्ष गेलं. बोटं वळू लागली, पण अंगठ्यात पहिला जोर कधीच आला नाही. बायका अजूनही फिरकत नव्हत्या.

अशात चिमाक्कांची लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. ओटीभरणासाठी हिरव्या बांगड्या हव्या होत्या, पण हात सुजून टम्म झालेले. बाजारच्या कासारानं जोर लावला. तीन बांगड्या पिचून वाढल्या, मनगटातून रक्त आलं. ओटीच्या दिवशी हा अपशकून! लेक रडून रडून निपचित पडली. चिमाक्का घाबरून उंबराखाली धावल्या.

"माझ्याकडे काय आहे?" महाराज थरथरता हात दाखवत म्हणाले. "ठकूबाईकडे जा."

ठकूबाई आली. तिनं सुजलेला हात तेलानं माखला आणि हळूहळू बांगडी सरकवू लागली. जोर करायला बोटांत जोरच नव्हता. ती थांबायची, धाप टाकायची, पुन्हा सरकवायची. एकेका बांगडीला अर्धी घटका लागली. दिवस कलला तेव्हा दोन्ही हात भरले होते. एकही बांगडी वाढली नव्हती. लेक तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती.

चिमाक्का महाराजांच्या पायांवर पडायला निघाल्या, तर महाराज दारातच उभे. ते म्हणाले, "बांगड्या भरल्यावर नमस्कार कासारणीला करतात, बाई. लेक झोपली आहे. तिच्या वतीनं तुम्ही करा."

चिमाक्का भुईवर बसल्या आणि ठकूबाईच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं. "ठके, मी वाईट बोलले गं," एवढंच त्यांना बोलता आलं. आशीर्वादासाठी ठकूबाईनं उजवा हात उचलला. तो अर्ध्यावर आला, थरथरला, आणि थकून चिमाक्कांच्या केसांवर पडला. तो तिनं तसाच राहू दिला.