दमलेली सावली आणि पानावरचा मऊ भात

सरका रे जरा. मला पाय पसरू द्या. अगं मिनू, उशी काय छातीशी धरून बसलीस, इकडे दे ती. हां. आता गोष्ट एकच, आणि मध्ये मध्ये 'का' विचारायचं नाही. उत्तर द्यायचं त्राण नाही माझ्यात. दिवसभर ओट्यापुढे उभी आहे मी. त्यात समोरच्या कुंदाताईंचा करंज्यांचा डबा येऊन पडलाय. तो रिकामा कसा पाठवायचा? म्हणजे उद्या पहाटे उठून बेसन भाजणं आलं, लाडू वळणं आलं. जाऊ दे. डोळे मिटा. तन्मय, तूसुद्धा.

एक होता राजा. फार मोठा नव्हता बरं का. डोंगराच्या पायथ्याशी सात गावं, तेवढंच त्याचं राज्य. राजा स्वभावानं चांगला, पण घरातलं काही कळायचं नाही त्याला. त्याची राणी शेवंता. गोरीपान, हसरी, आणि हाताला अशी चव की नुसतं वरण केलं तरी माणूस बोटं चाटत राही.

तर त्या राज्यात एक रीत होती. घरी काही केलं की शेजारीपाजारी, सोयऱ्याधायऱ्यांकडे थोडं पाठवायचं. छानच की. पण ज्या भांड्यातून आलं ते भांडं रिकामं परत करायचं नाही. आणि आलं त्याहून चमचाभर जास्तच घालायचं. शिवाय घरच्या बाईच्या हातचंच हवं. आचाऱ्याच्या हातचं पाठवलं तर लोक वर्षभर तोंड फिरवून बसत. राणी झाली म्हणून काय झालं, तिलाही सुटका नव्हती.

एकदा काय झालं, राजाची थोरली बहीण होती, आक्कासाहेब. तिनं वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. एवढीशी वाटी. राणीला वाटलं, वन्संना आपली धिरडी आवडतात. पण धिरडी वाटीत मावतात होय? म्हणून ताटली घेतली. मग ताटली रिकामी कशी यावी? ती आली अळूवड्या घेऊन. मग राणीनं वाडगाभर कढी पाठवली. वाडग्याच्या जागी आलं पातेलं, त्यात डाळिंब्यांची उसळ. मग राणीनं केला सांजा. करता करता चार महिन्यांत त्या चटणीच्या वाटीची झाली परात. दोन माणसांनी उचलायची परात! आणि अशी एक आक्कासाहेब थोडीच? मावश्या होत्या, आत्या होत्या, चुलत जावा, मामेसासवा, मैत्रिणी. सगळ्यांची भांडी राजवाड्याच्या ओटीवर ओळीनं मांडलेली.

गंमत सांगू? एवढं सगळं खायला कुणालाच नको होतं. राजा तर कोथिंबीर वडी दिसली की खांबाआड लपायचा. तिकडे आक्कासाहेबही दमल्या होत्या, मावश्याही दमल्या होत्या. पण आधी थांबायचं कुणी? थांबेल तिचं नाव वाईट.

मग राणी पहाटे उठायची. दळायची, कुटायची, भाजायची, तळायची. रात्री पाठ टेकली तरी तिचे हात अंथरुणावर पोळी लाटत असायचे. जेवायला बसली की घास हातातच राहायचा आणि ती म्हणायची, "अगंबाई, मावशीची वाटी राहिली." हसणं तर कुठच्या कुठे गेलं. राजा विचारायचा, "बरं नाही का?" ती म्हणायची, "काही नाही, दमले जरा." हे 'जरा' बारा वर्षं चाललं होतं.

मग एके दिवशी भर दुपारी राणी हातात झारा घेऊन अंगणातून स्वयंपाकघरात निघाली. उंबरा ओलांडला. राणी आत गेली आणि तिची सावली उंबऱ्यावरच बसली. हो, बसली. मग हळूच कुशीवर झाली आणि तिनं पाय पोटाशी घेतले.

दासी किंचाळली. राजा धावत आला. बघतो तर राणी आत चुलीपुढे उभी, आणि भिंतीवर सावली झाऱ्याची, सावली कढईची, राणीची नाहीच!

राजा उंबऱ्यापाशी गुडघ्यावर बसला. म्हणाला, "बाई, ऊठ."

सावली म्हणाली, "मी दमले रे बाबा. आता माझ्याच्यानं होत नाही."

"मग काय करू मी?"

"मला असा एक घास द्या, ज्याच्यामागून काम येत नाही. परवा सूर्य मावळायच्या आत द्या. नाही तर मी या मातीत मुरून जाईन. आणि सावली गेली की हिची झोप गेली. मग ही अशीच उभ्या उभ्या रांधत राहील, आणि एक दिवस चुलीच्या धुरात धूर होऊन जाईल."

राजा तडक उठला. राणीवर जीव होता त्याचा. नुसता कळत नव्हता त्याला तिचा शीण, एवढंच.

त्याच दिवशी राजानं घोडा काढला आणि बहिणीच्या घरी गेला. आक्कासाहेबांनी लगबगीनं भरली वांगी केली, बाजरीची भाकरी केली, लोण्याचा गोळा ठेवला. सगळं पितळेच्या डब्यात भरून दिलं. चांगल्या मनानं दिलं हं. राजानं डबा उंबऱ्यावर ठेवला. वास सुटला तशी सावलीनं मान वर केली. डब्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हा डबा परत कशानं भरायचा?" मान परत खाली. तेवढ्यात राणीनं आतून डबा बघितला आणि पदर खोचला. "वन्संना चिरोटे आवडतात," म्हणाली, आणि लागली की मैदा मळायला.

दुसऱ्या दिवशी राजा राणीच्या मावशीकडे गेला. मावशी शहाणी. तिनं गव्हल्यांची खीर केली, चांदीच्या वाटीत घातली आणि राजाला बजावलं, "शेवंताला सांगा, वाटीची मुळीच घाई नाही." राजा खूश झाला. त्याला वाटलं, जमलं! पण सावलीनं वाटी बघितली आणि सुस्कारा टाकला. "घाई नाही म्हणजे आज नाही, उद्या." आणि राणी आतून म्हणालीच, "मावशीची वाटी? मग साखरांबा करायला घ्यावा." सावली आता अगदी फिकी पडली होती, पाणी घातलेल्या ताकासारखी.

तिसऱ्या दिवशी राजा म्हणाला, आता मीच रांधतो. हसू नका रे, खरंच म्हणाला. सगळ्यांना बाहेर काढलं, राणीला पलंगावर बसवलं आणि पिठलं करायला घेतलं. मग सुरू झालं. "मोहरी कुठे?" राणी म्हणाली, फळीवर, डाव्या हाताला. "हिंग?" त्याच्याच मागे. "बेसन आधी कालवू का नंतर?" आधी. "किती पाणी?" राणी शेवटी उठून दारात येऊन उभी राहिली, बसणार कशी? पिठलं झालं. गाठी लिंबाएवढ्या. सहा पातेली खरकटी, कढई करपलेली, पीठ पार आढ्यापर्यंत. राजानं मोठ्या आशेनं ताटली उंबऱ्यावर नेली. सावलीनं एक डोळा उघडला. "आणि ती कढई कोण घासणार?" एवढंच म्हणाली आणि डोळा मिटला.

मग मात्र राजा रडला. भिंतीकडे तोंड करून रडला. मावळतीचा सूर्य डोंगराला टेकायला काठीभर उरला होता.

इकडे काय झालं ऐका. डोंगरापलीकडे रानाच्या कडेला एक ठकू राहायची. शेळ्या राखायची. शेवंता राणी व्हायच्या आधीची, अगदी परकरातली मैत्रीण तिची. दोघींनी मिळून बोरं खाल्लेली, एका पांघरुणात निजलेल्या. पण लग्न झाल्यापासून बारा वर्षांत ठकू एकदाही राजवाड्यात आली नव्हती, काही पाठवलं नव्हतं. लोक म्हणायचे, कवडीचुंबक आहे. राणीला वाटायचं, विसरली मला. मनात रुतून बसलं होतं ते तिच्या.

खरं काय होतं? ठकूकडे भांडं एकच. मातीचं. त्यातच दूध तापवायचं, त्यातच भात शिजवायचा. ते राजवाड्यात पाठवलं तर रांधायचं कशात? आणि भरून परत आलं, तर पुन्हा भरायचं कशानं? म्हणून ती बिचारी लाजून घरात बसायची.

पण त्या दिवशी एका गुराख्यानं सांगितलं, तुझ्या राणीची सावली उंबऱ्यावर निजलीय, घास मिळाला नाही तर आज मावळतीला जाणार. ठकू तशीच उठली. चुलीवर तिच्यापुरता मऊ भात शिजत होता. दारातल्या पळसाची दोन पानं तोडली, त्यावर भात घातला. वर मीठ, चिमूटभर मेतकूट, आणि तुपाचा एवढासा थेंब. तो थेंबसुद्धा सणासाठी राखलेला. पान दुमडलं आणि पळत सुटली. शेळ्या मागे, ठकू पुढे.

अंगणात आली तेव्हा सूर्य अर्धा बुडाला होता. उंबऱ्यावरची सावली आता असून नसल्यासारखी. ठकू तिच्या शेजारीच बसली आणि पान उलगडलं. वाफ आली.

सावली म्हणाली, "भांडं कुठंय?"

"भांडं होय? ते राहिलं घरी. एकच आहे माझं," ठकू म्हणाली. "हे पान आहे. खाऊन झालं की शेळी खाईल."

राणी आतून बाहेर आली. हातात झारा तसाच. सवयीनं विचारलं तिनं, "ठके, मग मी परत काय पाठवू?"

ठकूला काही कळेचना. ती म्हणाली, "कशात पाठवशील?"

राणीच्या हातातला झारा खाली पडला.  ती मटकन उंबऱ्यावर बसली. ठकूनं भात कालवला आणि घास तिच्या तोंडाशी नेला. राणीनं तोंड उघडलं, तसं सावलीनंही तोंड उघडलं. पहिल्या घासाला सावलीनं मान उचलली. दुसऱ्या घासाला उठून बसली. तिसऱ्या घासाला तिनं राणीचे पाय घट्ट धरले. आणि सूर्य मावळला.

राणी रडायला लागली. बारा वर्षांत तिनं सगळ्या मुलखाला खाऊ घातलं होतं, तिला कुणी भरवलं नव्हतं. "मला वाटलं तू विसरलीस," ती म्हणाली. ठकू म्हणाली, "मला वाटलं तू हसशील." मग दोघी हसल्या. हसता हसता राणीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपली. अशी झोपली, अशी झोपली, की तीन दिवस उठली नाही.

आणि राजा? त्याला कळलं बरं का, उशिरा का होईना. त्यानं आधी ती करपलेली कढई घासली. मग ओटीवरची सगळी भांडी स्वतः घासली, पुसली, आणि ज्याची त्याला नेऊन दिली. रिकामी. आक्कासाहेबांनी डब्यात वाकून बघितलं. "अरे, रिकामा? शोभतं का हे?" राजा म्हणाला, "आक्का, ती झोपलीय." आक्कासाहेबांचा राग नाकापर्यंत आला होता. पण मग त्यांच्या लक्षात आलं की डबा रिकामा आलाय, म्हणजे आपल्यालाही आज काही करायचं नाही. त्या अंमळ आडव्या झाल्या. दुपारची झोप काय असते ते त्यांना बावीस वर्षांनी कळलं. मग मावशी झोपली, आत्या झोपल्या, जावा झोपल्या. सगळं राज्य पहिल्यांदा गाढ झोपलं.

तेव्हापासून तिथं कुणाला काही द्यावंसं वाटलं तर देतात, मनापासून देतात. पण पानावर देतात. भांड्यातून दिलंच तर भांडं धुऊन परत जातं, रिकामं, आणि कुणी आत वाकून बघत नाही. राणी महिन्यातून एकदा ठकूकडे हात हलवत जायची. दोघी एकाच पानावर मऊ भात खायच्या आणि पळसाखाली पडून राहायच्या. राजाचं पिठलंही सुधारलं. गाठी राहिल्या, पण बोराएवढ्या. सगळी पोटभर जेवली, पोटभर झोपली. तशी आता तुम्हीही झोपा.

काय गं मिनू? माझी सावली? आहे की इथंच. तुझ्याशेजारी केव्हाची आडवी झालीय ती, मीच आपली बडबडत बसलेय.

बरं ऐक. तो ओट्यावरचा कुंदाताईंचा डबा आहे ना, तो सकाळी तू नेऊन द्यायचास. धुतलेलाच आहे. बेसन? बेसन राहू दे बरणीत, कुठे पळून जात नाही ते. आणि त्यांनी झाकण उघडून बघितलं, तर सांग, आजी झोपलीय.